पाणी एकच : आधी मासा, मग वैरण

खानदेशातील शेतकऱ्याच्या संसारात गुराढोरांचे स्थान काय आहे, हे येथील वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. पाऊस चांगला झाला तर शेत हात देते. तो रुसला तर गोठा हात देतो. परंतु गोठ्याने हात द्यावयाचा तर गव्हाणीत वैरण हवी, आणि नेमकी वैरणच पावसाबरोबर नाहीशी होते. नरडाणा आणि त्याच्या आसपासच्या शिंदखेडा तालुक्यातील गावे ही गोष्ट पुन्हा पुन्हा अनुभवीत आली आहेत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधारी मंडळी अद्याप सांगतात. अगदी अलीकडे, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने जे ४० तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले, त्यांतही शिंदखेड्याचे नाव होते. अशा वर्षी फाल्गुन-चैत्रात जनावर मिळेल त्या भावाने बाजारात न्यावयाचे आणि मृगाच्या तोंडावर दीडपट किंमत देऊन दुसरे आणावयाचे, या व्यवहारात शेतकऱ्याची वर्षाची बचत निघून जाते.

या अडचणीवर उपाय म्हणून अलीकडे 'ॲक्वापोनिक्स' नावाच्या पद्धतीची चर्चा गावोगाव ऐकू येते. टाकीत मासे, वरच्या वाफ्यात मातीविना हिरवा चारा, आणि दोघांमध्ये फिरणारे तेच ते पाणी, असे तिचे चित्र रंगविले जाते. नरडाण्याच्या बाजूचे अनेक तरुण शेतकरी आम्हांस विचारतात, की हे यंत्र घ्यावे काय? या लेखात त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. आमचे मत थोडक्यात असे : यंत्र घेऊ नये, तत्त्व मात्र अवश्य घ्यावे. माशाचे पाणी जमिनीतील वैरणीस द्यावे. आपल्या शेततळ्याच्या बांधाशी हे तत्त्व अल्प खर्चात राबविता येते.

तत्त्व काय आहे?

मासा जे खाद्य खातो त्यांतील प्रथिनांचा सुमारे पाव ते तिसरा हिस्साच त्याच्या अंगी लागतो. उरलेले नत्र तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. हा अमोनिया माशाला विषारी असतो. परंतु पाण्यात व खडीवर वाढणारे काही सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्रेट हे वनस्पतींचे आवडते अन्न होय. मुळांनी ते शोषून घेतले म्हणजे पाणी पुन्हा माशांना राहण्याजोगे होते. माशांची घाण ती पिकाचे खत, आणि पिकाची भूक ती माशांच्या पाण्याची शुद्धी, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

कल्पना नवी वाटली तरी तिचे मूळ जुने आहे. दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या मुखाकडील प्रदेशात शेतकरी शतकानुशतके तळ्यात मासे आणि तळ्याच्या बांधावर तुती व ऊस लावीत आले. तळ्यातील गाळ बांधावर चढे, तुतीचा पाला रेशमाच्या किड्यांस मिळे, आणि किड्यांची विष्ठा पुन्हा माशांस मिळे. बांधावर हत्तीगवत लावून ते गवत खाणाऱ्या माशांना घालण्याची रीतही तेथे पडली. टाक्या, नळ आणि पंप यांनी युक्त अशी आधुनिक मांडणी त्यानंतरची. अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स राकोसी या शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या काळात तिचा पद्धतशीर अभ्यास केला. तेथील पिके मात्र कोशिंबिरीची पाने, तुळस यांसारखी होती. थोड्या जागेत येणारा, वजनाने हलका आणि भावाने भारी असा तो माल. वैरण ही नेमकी याच्या उलट वस्तू आहे. ती वजनाने भारी आणि भावाने हलकी. म्हणूनच हिशेब करणे अगत्याचे ठरते.

एका गाईचा हिशेब

एका दुभत्या गाईस दिवसाला ३० किलो हिरवी वैरण द्यावयाची आहे असे समजू. हिरव्या वैरणीत शंभरात ८० भाग पाणी धरले तर ६ किलो कोरडा अंश उरतो. त्यात शंभरी १० प्रमाणे ६०० ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे ९६ ग्रॅम नत्र असते. हे सारे नत्र माशांच्या टाकीतून यावयाचे असेल, तर शंभरी ३० प्रथिने असलेले मत्स्यखाद्य रोज जवळजवळ ३ किलो घालावे लागेल. तेवढे खाण्यासाठी टाकीत सतत दीडशे किलो वजनाचे जिवंत मासे हवेत. शिवाय वाफे किती लागतील? संकरित नेपियर गवत उत्तम पाणी व खत मिळाल्यास हेक्टरी वर्षाला दीडशे टनांच्या घरात उत्पन्न देते. त्या मानाने रोजच्या ३० किलोंसाठी सुमारे ७ गुंठे वाफे लागतात. वाळू-खडी भरलेले, खाली कागद अंथरलेले, नळांनी जोडलेले ७ गुंठे वाफे, आणि तेही एका गाईसाठी! खाद्य घालणे म्हणजे केवळ नत्राची किंमत देणे होय असे धरले, तर तेच ९६ ग्रॅम नत्र सुमारे २१० ग्रॅम युरियातून मिळते. मग ३ किलो मत्स्यखाद्य कोणी का घालावे?

दुसरी अडचण आपल्या हवापाण्याची. आपल्याकडील काळ्या जमिनीचा आणि विहिरींच्या पाण्याचा सामू बहुधा सातच्या वर, आठाच्या आसपास असतो. अमोनियाचे विष सामूबरोबर झपाट्याने चढते. पाण्याचे तापमान ३० अंश असता सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपातील भाग शंभरात एकाहूनही कमी असतो, सामू ८.५ झाला की तोच भाग शंभरात वीसवर जातो. शिवाय अशा पाण्यात लोह विरघळलेले राहत नाही आणि पिके पिवळी पडतात. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. दाट मासे असलेल्या टाकीचा पंप रात्री वीज गेल्यामुळे काही तास बंद राहिला, तर सकाळी सारे मासे उताणे तरंगताना दिसतात. वीज, सामू आणि अमोनिया यांवर रात्रंदिवस पहारा ठेवणे एखाद्या प्रयोगशाळेस शोभेल. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात तो पहारा कोण करणार?

मातीविना चारा : एक गैरसमज

माशांवाचूनही, केवळ पाण्यावर ट्रेमध्ये मका अंकुरवून हिरवा चारा तयार करण्याची पद्धत आहे. तिला हायड्रोपोनिक्स म्हणतात. एक किलो मक्यापासून आठवड्यात पाच-साडेपाच किलो हिरवागार चारा मिळतो, हे खरे आहे. जनावरे तो आवडीने खातात आणि त्याचा पचनास उपयोगही होतो. परंतु वजन वाढले म्हणजे अन्न वाढले असे मात्र होत नाही. एक किलो मक्यात सुमारे ९०० ग्रॅम कोरडा अंश असतो. साडेपाच किलो अंकुरित चाऱ्यात तो शंभरी १३-१४ च्या प्रमाणात, म्हणजे ७५० ग्रॅमच्या आतबाहेर उरतो. अंकुर फुटताना दाण्याने स्वतःचे पिठूळ अन्न जाळलेले असते. वाढलेले वजन पाण्याचे असते. अर्थात, दाणा भरडून दिला असता तर जे पोटात गेले असते त्यांतील काही भाग वाटेतच खर्ची पडतो. टंचाईच्या ऐन दिवसांत चार-सहा किलो हिरवे तोंडी लावण्यास ही पद्धत ठीक आहे. गोठ्याचा मुख्य आधार म्हणून ती पुरी पडणार नाही.

मग घ्यावे काय?

घ्यावयाचे ते हे, की पाणी एकदा वापरून सोडून देऊ नये. आपल्या भागात अनेकांनी शेततळी केली आहेत. राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून त्यांत भर पडली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा शेततळ्यात, बाजूंचा उतार एकास एक धरल्यास, २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. या पाण्याचे पुढे काय होते, याचा विचार फार थोडे शेतकरी करतात.

अस्तर घातलेले, गळती नसलेले असे तळे कार्तिकाच्या सुरुवातीस भरलेले आहे असे धरू. शेजारी १० गुंठे वैरणीचे पीक आहे. हिवाळ्यात त्यास दिवसाला सरासरी ४ मिलिमीटर आणि एप्रिल-मेमध्ये ७ मिलिमीटर पाणी दिले, तर नोव्हेंबरपासून मेअखेर सुमारे १० लाख लिटर पाणी लागेल. आता सूर्याचा वाटा पाहा. तळ्याच्या पृष्ठभागावरून हिवाळ्यात व मार्चपर्यंत दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर आणि त्यानंतर ९ मिलिमीटर पाणी उडाले असे मानल्यास, साडेनऊ लाख लिटर पाणी केवळ वाफ होऊन जाईल. तळाशी दोन-सव्वादोन लाख लिटर उरेल. तात्पर्य, वैरण जितके पाणी पिते जवळजवळ तितकेच ऊन पिते. हे पाणी महिनोन्‌महिने तळ्यात उभे राहणारच आहे. ते उभे असताना त्यात काही पिकले नाही, तर तो तोटा केवळ आपल्या आळसाचा होय. उभ्या पाण्यात पिकणारे पीक म्हणजे मासा.

वरच्या हिशेबाप्रमाणे मार्चअखेर तळ्यात सुमारे दीड मीटर पाणी राहते. जुलै-ऑगस्टमध्ये सोडलेले मासे तोपर्यंत वाढलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये ते काढून घ्यावेत आणि उरलेले पाणी तळाच्या घाणीसकट वैरणीस द्यावे. मासा आणि गवत यांची पाण्यासाठी भांडणे लागत नाहीत. एकाची गरज संपते तेव्हा दुसऱ्याची वाढते. आपल्या ऋतुचक्राशी ही जोडी चांगली जुळते. टाकी आणि वाफा यांच्यामध्ये पाणी फिरविण्यासाठी तेथे पंप सतत चालवावा लागतो. येथे पिकास पाणी देतानाच काय ते इंजिन किंवा मोटार चालवावयाची असते.

गोठ्यापासून तळ्यापर्यंत, तळ्यापासून गव्हाणीपर्यंत

या पद्धतीत विकतचे मत्स्यखाद्य फार लागू नये, हे पाहणे महत्त्वाचे. कटला, रोहू आणि मृगळ हे आपले तीन मासे तळ्यातील तीन थरांत चरतात. कटला वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी. पाण्यात हे सूक्ष्म जीव वाढविण्यासाठी शेण हे जुने आणि स्वस्त साधन आहे. हेक्टरी वर्षाला १० टन या प्रमाणाने, वर सांगितलेल्या तळ्यास आठवड्याला सुमारे १७ किलो शेण पुरे. गोबरगॅसची मळी असेल तर उत्तमच. पाणी फिकट हिरवे दिसावे. ते गर्द हिरवे झाले, किंवा आभाळ सतत झाकोळलेले असले, तर शेण घालणे तत्काळ थांबवावे; नाही तर पहाटेच्या सुमारास प्राणवायू कमी पडून मासे पृष्ठभागावर तोंडे काढू लागतात. शेणाच्या जोडीला भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड समभाग घालून थोडे खाद्य ठराविक जागी द्यावे. बांधावरचे कोवळे गवत खाणारा गवत्या मासाही थोड्या संख्येने सोडता येतो.

अशा तळ्यात चार बोटे लांबीची सुमारे ५०० बोटुकली सोडावी. निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे ३०० मासे जगून प्रत्येकी पाऊण किलोच्या जवळ गेले, तर दोन क्विंटल मासळी हाती येते. पूर्वी मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि तेव्हापासून खात्रीचे बीज केंद्रांतून मिळणे शक्य झाले. बीज नेहमी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाने सुचविलेल्या केंद्रातूनच घ्यावे. परदेशी मागूर जातीच्या माशावर शासनाची बंदी आहे. कोणी स्वस्त म्हणून देऊ केला तरी तो तळ्यात सोडू नये.

गाईचे शेण तळ्यात, तळ्यातील जीव माशाच्या पोटात, माशाचे पाणी गवताच्या मुळाशी आणि गवत पुन्हा गाईच्या गव्हाणीत, असे हे चक्र आहे. ॲक्वापोनिक्सचे सारे सार यात आले. फरक एवढाच, की खडीच्या वाफ्याऐवजी येथे खुद्द जमीन हे काम करते, आणि ते वीजबिलाशिवाय करते. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू आपल्या मातीत कोट्यवधींनी वस्ती करून आहेत. चिकण मातीचा कण अमोनिया धरून ठेवतो. सामू थोडा अधिक असला तरी जमिनीत मुरलेले विष माशापर्यंत परत येत नाही, कारण पाणी परतत नाही. टाकीच्या पद्धतीतील सर्वांत नाजूक दुवा येथे आपोआप गळून पडतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. इतक्या विरळ माशांच्या पाण्यात नत्राचे प्रमाण फार मोठे नसते. माशाचे पाणी दिले म्हणजे शेणखत व नत्रखत बंद, असा प्रचार कोणी केल्यास तो खरा मानू नये. हे पाणी वैरणीस दर पाळीबरोबर थोडा थोडा डोस देते आणि तळाचा गाळ त्यात भर घालतो. बाकीचे खत शिफारशीप्रमाणे द्यावेच लागते. या पद्धतीचा खरा लाभ एकाच पाण्यावर दोन उत्पन्ने घेण्यात आहे.

१० गुंठ्यांची आखणी

आठ गुंठ्यांत संकरित नेपियर लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने दिलेल्या यशवंत व जयवंत या जाती आपल्याकडे परिचित आहेत. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेची बीएनएच-१० ही जातही अनेक ठिकाणी लावली जाते. तीन डोळ्यांची ठोंबे ९० × ६० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनी आणि पुढील कापण्या दीड-दोन महिन्यांनी, जमिनीपासून चार बोटे वर कराव्यात. उरलेल्या दोन गुंठ्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लसूणघास पेरावा. राहुरीची आरएल-८८ ही जात त्यास योग्य आहे. नेपियरमध्ये ऑक्झलेटचे प्रमाण असते व प्रथिने बेताची असतात; म्हणून एकटे नेपियर न देता तीन भाग नेपियरास एक भाग लसूणघास, चवळी किंवा सुबाभळीचा पाला, असे मिश्रण करावे. लसूणघास कापून थोडा सुकवूनच द्यावा. ओला एकदम खाल्ल्यास पोट फुगते. बांधावर शेवरी लावली तर शेळ्यांचीही सोय होते.

१० गुंठ्यांतून वर्षाला सुमारे १५ टन, म्हणजे सरासरीने रोज ४० किलो हिरवी वैरण मिळावी. दोन दुभत्या जनावरांस प्रत्येकी वीस किलो हिरवे आणि जोडीला कडबा, असा हा बेत बसतो. दहा जनावरांचा गोठा यावर चालणार नाही, हे आधीच समजून घ्यावे. शिवाय वाढ बारा महिने सारखी नसते. पावसाळ्यात गवत खावयास उरते. त्या दिवसांत उरलेल्या गवताचा, आणि शक्य तर चिकाच्या अवस्थेतील मक्याचा, कुट्टी करून मुरघास भरावा. तो दीड महिन्यात तयार होतो व हवा लागू न दिल्यास उन्हाळ्यापर्यंत टिकतो. ज्वारीचे क्षेत्र कमी होऊन कापूस व मका वाढल्यापासून घरचा कडबा कमी झाला आहे. रब्बीत निदान अर्धा एकर मालदांडी पेरल्याखेरीज गोठा पुरा सुरक्षित होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तळ्याच्या कडेला सावलीत २ मीटर लांब, २ मीटर रुंद व एक वीत खोल असे दोन अझोला खड्डे करावेत आणि त्यांत माशांच्या तळ्यातील पाणी भरावे. अझोला हवेतील नत्र स्वतः बांधून घेतो. दोन्ही खड्ड्यांतून मिळून रोज दीड-दोन किलो ताजा अझोला निघतो. तो स्वच्छ धुऊन ढेपेत किंवा भरड्यात मिसळून द्यावा. आपल्या वैशाखाच्या उन्हात तो जळतो, म्हणून दाट सावली नसेल तर उन्हाळ्यापुरते त्याला विश्रांती द्यावी.

पाणी देताना ठिबकचा उपयोग करावयाचा असेल तर वाळूची गाळणी लागतेच, कारण शेवाळाने तोट्या बुजतात. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे नेपियरास सरीतून पाणी द्यावे आणि आठवड्यातून एकदा पंपाचा फुटबॉल तळाशी नेऊन गाळाचे पाणी ओढावे. अस्तराचा कागद मात्र जपावा.

तीन सावधगिऱ्या

पहिली, माणसाच्या जिवाची. प्लॅस्टिक कागदाचे तळे शेवाळाने निसरडे होते. त्यात पडलेल्या माणसास पोहता येत असूनही वर चढता येत नाही. तळ्यास कुंपण, चारी बाजूंस गाठी मारलेले दोर, आणि जाळे टाकताना किमान दोन माणसे, या गोष्टी झाल्याशिवाय एकही बोटुकली तळ्यात सोडू नये. दुसरी, फवारणीची. कापसावर औषध मारून पंप तळ्यात धुतला, तर मासे त्याच दिवशी मरतील, आणि न मेले तरी खाण्यास योग्य राहणार नाहीत. तिसरी, जनावरांची. शेणमिश्रित पाणी दिल्यानंतर चार-सहा दिवस त्या पट्ट्यातील गवत कापू नये. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी फुलोऱ्यापूर्वी जनावरांस घालू नये. तिच्यातील विषाने जनावर दगावते.

ज्यांच्याकडे तळे नाही, किंवा मासा चालत नाही

आमच्या भागात अनेक कुटुंबे माळकरी आहेत. त्यांना मासे पाळणे रुचणार नाही, आणि त्यांच्या भावनेचा मान राखला पाहिजे. अशांनी तळ्यातील मासळीचा हक्क गावातील मासेमारी करणाऱ्या कुटुंबास ठरावाने द्यावा, अथवा मासे सोडून केवळ शेणमळी, अझोला व वैरण असे चक्र चालवावे. चक्र थोडे लहान होईल, तुटणार नाही.

अल्पभूधारकाचा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि खरी कसोटी तेथेच आहे. ज्याच्याकडे दोन एकर जमीन व दोन शेळ्या आहेत, तो ९ गुंठे जमीन तळ्याखाली घालू शकत नाही. त्याच्यासाठी पाण्याची वाटणी गावाने करावयास हवी. ही गोष्ट धुळे जिल्ह्यास अपरिचित नाही. पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंधाऱ्याचे पाणी वाटून घेतले. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, आणि पाटकऱ्याने नेमाने पाळी द्यावयाची, अशी ती रीत होती. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून पाणी अडविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. आपल्याही बाजूस गावतळी व खोल केलेले नाले आहेत. अशा एखाद्या पाणवठ्यातील मासळीचे उत्पन्न व पाणी यांचा एकत्रित ठराव ग्रामसभेने करावा, आणि लगतच्या जागेत समाईक वैरणीचा एक फड राखावा. त्यातील वैरण लहान शेतकऱ्यांस व भूमिहीन पशुपालकांस वाजवी दराने मिळावी. मासळीच्या उत्पन्नातून पाणी उचलण्याचा खर्च निघावा. ही योजना कोणत्याही यंत्रापेक्षा अवघड आहे, कारण तीत माणसे एकत्र आणावी लागतात. परंतु ती साधली तर चारा छावणीची वाट पाहण्याची वेळ त्या गावावर क्वचितच येईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

नवीन गोष्ट दाखविण्याचा उत्साह आपणां सर्वांस असतो, आणि तो असावाही. परंतु चकचकीत टाकीभोवती छायाचित्र काढणे सोपे आणि तिसऱ्या वर्षी ती टाकी चालू असलेली दाखविणे कठीण. आपल्या गावात शंभर शेततळी असतील तर त्यांपैकी किती तळ्यांत मासे आहेत आणि किती तळ्यांच्या कडेस वैरण उभी आहे, याची मोजणी प्रथम करावी. त्यांतून एकच हौशी व नेटका शेतकरी निवडावा. त्याच्या तळ्याचे पाणी दर महिन्यास काठीने मोजावे. गवताची प्रत्येक कापणी तोलावी. मासळी व दूध यांची नोंद त्याच्याच वहीत त्याच्याच हाताने करवावी. पहिल्या वर्षाची ती वही हेच पुढील वर्षाचे प्रात्यक्षिक होय. शेजारी शेतकरी आपल्या भाषणावर विश्वास ठेवणार नाही. बांधावर उभे असलेले गवत आणि शेजाऱ्याच्या वहीतील आकडा यांवर तो विश्वास ठेवतो.

यशाची मोजणीही आपण बदलली पाहिजे. किती संच वाटले, किती मेळावे भरविले, हा हिशेब कागदापुरता ठीक आहे. मेअखेरीस गावात किती जनावरे आपल्या दावणीला होती आणि त्यांपैकी किती बाजारात गेली, हा खरा हिशेब. ज्या गावात वैशाखातही दावण भरलेली राहील, त्या गावाने पाण्याचा थेंब दोनदा वापरावयास शिकला, असे समजावे.

नरडाणा परिसरातील शेतकरी बंधूंनी यंदा तळे भरले की तीन गोष्टी कराव्यात : बोटुकलीची मागणी वेळेत नोंदवावी, ८ गुंठे नेपियर व २ गुंठे लसूणघास यांची जागा तळ्यालगत राखावी, आणि कुंपण घालावे. एवढे झाल्यावर पुढील माहितीसाठी आपल्या गावच्या कृषि सेवकास किंवा धुळे येथील कृषि महाविद्यालय व कृषि विज्ञान केंद्र यांस भेटावे.